चिरा, पाऊस आणि एप्रिलमधली विहीर

१९७३ साली डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाताई गडचिरोलीतल्या हेमलकशाला गेले. तिथे वीज नव्हती, धड रस्ताही नव्हता. सोबतच्या कार्यकर्त्यांसह ते झोपडीत राहिले. आपल्या रत्नागिरीत आठ-दहा जणांनी असं राहायचं ठरवलं तर?

घराचं जमेल. जांभा खाणीत मऊ असतो, चिरे सहज कापता येतात. हवा लागली की घट्ट होतात. विटेसारखी भट्टी लावावी लागत नाही, म्हणजे सरपण वाचलं. छपराची वळचण मात्र लांब हवी. दिव्या-पंख्यापुरती वीज सोलर देईल, पावसाळ्यात थोडं हात आखडून.

खरी मुश्किल पाण्याची. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि एप्रिलमध्ये टँकर! वर्गात मुलं विचारतात, सर, एवढं पाणी जातं कुठे? सच्छिद्र जांभ्यातून झिरपतं, उरलेलं उतारावरून खाडीला मिळतं. म्हणून पाऊस सरला की पऱ्याला धार आहे तोवरच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून श्रमदानाने वनराई बंधारा घालायचा. खर्च जवळजवळ नाहीच. पाणी अडलं की आसपासच्या विहिरी जास्त दिवस टिकतात. फोटोसाठी फेब्रुवारीत बांधलात, तर अडवायला फारसं पाणीच उरलेलं नसतं.