मांडीवरची गिटार

स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तिच्यावर बोटाने तार दाबत नाहीत. तारा पट्टीपासून चांगल्या वर उचललेल्या असतात. डाव्या हातातली पोलादी कांडी त्यांच्यावर अलगद टेकते, सरकते. उजव्या हाताच्या नख्या तारा छेडतात. पडदे उरतात ते खुणेपुरते. कांडी केसभर मागे राहिली की स्वर उतरला, पुढे गेली की चढला. वादकाचा कान कच्चा असेल तर तो इथे झाकता येत नाही.

ही पद्धत हवाई बेटांवरची. १८७४ साली ओआहू बेटावर जन्मलेल्या जोसेफ केकुकूला तिचं श्रेय देतात. पुढे अमेरिकेला या आवाजाचं वेड लागलं. रिकनबॅकरने १९३२च्या सुमारास बाजारात आणलेली विजेवरची गिटारही मांडीवरचीच होती.

आपल्याकडे ती हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून घरोघरी पोचली. पण रागसंगीताला तिच्यात काय सापडलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सापडली ती मिंड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता सरकत जाणं. सतारीवर तार आडवी ओढून मिंड काढतात, त्यामुळे ताण सोसेल तेवढीच ती लांबते. कांडीला अशी अडचण नाही. तार जिथवर, तिथवर मिंड. विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरवणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) अली अकबर खाँ यांचे शिष्य. गिटारवर त्यांनी रागच वाजवला. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ते शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत आहेत. तबल्यावर माणिकराव पोपटकर, आणि एचएमव्हीतर्फे ही ध्वनिमुद्रिका घडवणारे आपले जी. एन. जोशी. शिवकुमारांच्या संतूरचा प्रत्येक स्वर सुटा पडतो. शेजारी गिटार मात्र एका स्वरातून दुसऱ्यात वाहत जाते. ही जोडी जुळवणाऱ्याच्या कानाला दाद द्यायलाच हवी.

द्रुत लयीत या वाद्याची कसोटी लागते. मागच्या स्वराची आस वेळीच दाबली नाही तर तान गढूळ होते. विश्वमोहन भट्टांनी तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली, तिच्यावर द्रुत कामही लखलखीत केलं, आणि १९९४ साली राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी ग्रॅमी मिळवला. तरीही ही गिटार कधीच न ऐकलेल्याला मी आधी काब्रांचा आलाप ऐकवीन.