पातेल्यातला गुणाकार

शाबू-शाबूचं पातेलं पहिल्यांदा बघणाऱ्याची निराशाच होते. टेबलाच्या मध्यभागी छोटी शेगडी, तिच्यावर पातेलं, पातेल्यात पाणी आणि पाण्यात तळहाताएवढा एक काळपट हिरवा, चिवट तुकडा. तेल नाही, कांदा-लसूण नाही, बहुतेकदा मीठसुद्धा नाही. शेजारच्या ताटात गोमांसाचे कागदासारखे पातळ काप, चिनी कोबी, तोफू, कांद्याची जाड पात आणि डोक्यावर चांदणी कोरलेली शिताके अळंबी. चॉपस्टिकने एक काप उचलायचा, उकळीला आलेल्या पाण्यात दोन-चारदा हलवायचा, पोन्झू (आंबट रस आणि सोया सॉसचं मिश्रण) किंवा तिळाच्या दाट चटणीत बुडवायचा आणि खायचा. असल्या अळणी पाण्यात मांस बुचकळून खाण्यात विशेष ते काय, हा प्रश्न अगदी रास्त आहे. जपानी खाद्यसंस्कृतीवरच्या लेखांत त्याचं उत्तर एका शब्दात मिळतं : उमामी. समुद्रशैवालात ग्लुटामेट असतं, ते पाण्यात उतरतं, किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ते शोधलं, इतिश्री. हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. नुसत्या ग्लुटामेटवर हे पातेलं चवीला उभं राहिलं नसतं. त्यातली खरी गंमत दोन वेगळ्या पदार्थांच्या गुणाकारात आहे. तो गुणाकार ज्यांनी उलगडला त्यांची नावं मात्र जपानबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

आधी त्या चिवट तुकड्याबद्दल. तो कोम्बू, म्हणजे होक्काइदोच्या थंड समुद्रात वाढणारं, वाळवून ठेवलेलं शैवाल. वाळल्यावर त्यावर पांढरी भुकटी दिसते आणि नवखा माणूस बुरशी समजून ती धुऊन टाकतो. प्रत्यक्षात ती मुख्यतः मॅनिटॉल नावाची साखर-अल्कोहोल असते. कोम्बू थंड पाण्यात घालून मंद आचेवर तापवतात आणि पाणी खळखळण्याआधी काढून घेतात, कारण उकळला की त्यातली अल्जिनिक आम्लं सुटून पाणी बुळबुळीत होतं आणि वास धरतं. पाण्यात उतरतं ते प्रामुख्याने ग्लुटामेट. इकेदा मूळचे क्योतोचे. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या हाताखाली भौतिक रसायनशास्त्र शिकून आलेले, तोक्यो विद्यापीठातले प्राध्यापक. गोड, आंबट, खारट, कडू या चारही खणांत न बसणारी चव त्यांनी कोम्बूच्या पाण्यात हेरली, शैवालातून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं आणि त्याचा क्षार म्हणजेच ती चव असं दाखवून दिलं. टोमॅटो, चीज, शतावरी आणि मांस यांतही हीच चव आहे हे त्यांनी त्याच निबंधात लिहिलं होतं. उमामी म्हणजे पूर्वेचं काही गूढ असल्याच्या थाटात आज जे लिहिलं जातं, ते त्यांच्या पदरी बांधण्याचं कारण नाही. १९०९ मध्ये ग्लुटामिक आम्लाचा हा क्षार ‘अजिनोमोटो’ या नावाने बाजारात आला, आणि जपानच्या पेटंट कार्यालयाने निवडलेल्या दहा थोर जपानी संशोधकांत पुढे इकेदांचं नाव लागलं. त्यांच्या वाट्याला आलेला मान पुरेसा आहे. त्यात भर घालायची गरज नाही.

आता ताटातल्या मांसाकडे वळू. जिवंत स्नायूत ऊर्जेचं चलन म्हणजे एटीपी. जनावर मारल्यावर हा साठा पुन्हा भरला जात नाही आणि एटीपीची पायरी-पायरीने मोडतोड सुरू होते : एडीपी, एएमपी आणि मग आयएमपी, म्हणजे इनोसिनेट. तिथे ही घसरण काही काळ रेंगाळते. नंतर इनोसिनेटचंही विघटन होऊन शेवटी कडवटपणाकडे झुकणारं हायपोझँथिन उरतं. माशाचा ताजेपणा मोजण्यासाठी जपानी शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये सुचवलेला ‘के’ निर्देशांक याच साखळीवर उभा आहे. हे इनोसिनिक आम्ल युस्टस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्येच गोमांसाच्या अर्कातून वेगळं काढलं होतं. पुढे ज्यांच्या नावाने मांसाच्या अर्काच्या बरण्या जगभर खपल्या, तेच हे लीबिग! ग्लुटामिक आम्लही १८६६ मध्ये रिटहाउझेन या जर्मन रसायनज्ञाने गव्हाच्या चिकापासून मिळवलं होतं. म्हणजे गुणाकारातल्या दोन्ही संख्या एकोणिसाव्या शतकातच युरोपातल्या बाटल्यांत बंद होत्या. त्या चवीच्या संख्या आहेत, याचा मात्र तिथे कुणाला पत्ता नव्हता.

तो लागला इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक केलेला बोनिटो मासा. उकडल्यामुळे इनोसिनेट मोडणारी विकरं निकामी होतात आणि ते माशात टिकून राहतं. कोदामांनी १९१३ मध्ये जाहीर केलं की कात्सुओबुशीची चव ही इनोसिनिक आम्लाच्या हिस्टिडिन क्षाराची आहे. यातला इनोसिनिक आम्लाचा भाग बरोबर होता, हिस्टिडिनचा नव्हता. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ हा विषय जवळपास पडून राहिला, आणि याचं कारण वैज्ञानिक कमी व व्यापारी जास्त असावं. ग्लुटामेट गव्हापासून टनावारी काढता येत होतं. इनोसिनेट स्वस्तात बनवण्याची रीतच नव्हती. १९५०च्या दशकात यामासा या सोया सॉस बनवणाऱ्या कंपनीत अकिरा कुनिनाका यीस्टमधलं आरएनए विकरांनी तोडून त्याचे तुकडे चाखत होते. रेणूतला फॉस्फेट गट साखरेच्या पाचव्या कार्बनवर असेल तरच चव लागते, दुसऱ्या वा तिसऱ्यावर असेल तर नाही, हे त्यांनी दाखवलं. हिस्टिडिनची भानगड तिथेच मिटली. इनोसिनेटचा भाऊबंद ग्वानिलेट हाही उमामीचा पदार्थ असल्याचं त्यांनी ओळखलं. आणि १९६० च्या सुमारास त्यांनी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मांडली : ग्लुटामेट आणि हे न्यूक्लिओटाइड एकत्र आले की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त होते.

कितीतरी म्हणजे किती, हे शिझुको यामागुची यांनी १९६७ मध्ये चाखणाऱ्यांच्या चाचण्या घेऊन मोजलं. त्यांचं सूत्र शाळेतल्या मुलालाही सोडवता येईल : मिश्रणाची चव = ग्लुटामेट + (१२१८ × ग्लुटामेट × इनोसिनेट). दोन्ही पदार्थ १०० मिलिलिटर पाण्यात किती ग्रॅम आहेत तो आकडा घालायचा. उत्तर मिळतं ते तेवढ्याच चवीसाठी नुसतं ग्लुटामेट किती लागलं असतं ते. समजा पाण्यात ०.०३ ग्रॅम ग्लुटामेट आणि ०.०१ ग्रॅम इनोसिनेट आहे. उत्तर जवळजवळ ०.४ येतं, म्हणजे नुसत्या ग्लुटामेटच्या तेरा पट. आता सूत्रात ग्लुटामेट शून्य धरा. इनोसिनेट कितीही ओता, उत्तर शून्यच! मग नुसत्या इनोसिनेटलाही थोडी चव लागते ती कशी? यावर यामागुचींचं म्हणणं असं की लाळेत मुळातच किंचित ग्लुटामेट असतं, त्याच्याशी गुणाकार होतो. एका समीकरणाने इतकं नेटकं काम केल्याची उदाहरणं स्वयंपाकघराच्या शास्त्रात फार नाहीत.

जिभेवर हे कसं घडतं ते कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. २००२ मध्ये जिभेवरचा उमामी ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) सापडला : टी१आर१ आणि टी१आर३ या दोन प्रथिनांची जोडी. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यातल्या टी१आर१चा बाहेरचा भाग तपासला. दोन पाखांच्या दारासारखी त्याची रचना आहे. ग्लुटामेट आत, बिजागरीजवळ जाऊन बसतं आणि दार मिटतं. दार मिटलं की पेशीला संदेश जातो. पण मिटलेलं दार ग्लुटामेट एकट्याने फार वेळ धरून ठेवू शकत नाही, ते पुन्हा किलकिलं होतं. इनोसिनेट येतं ते तोंडाशी, उंबऱ्याच्या बाजूला, आणि बाहेरून कडी घालतं. नुसती कडी घालून उघडं दार बंद होत नाही, म्हणून इनोसिनेट एकटं निरुपयोगी. आणि कडी नसली तर दार वाऱ्यावर, म्हणून ग्लुटामेट एकटं दुबळं. सूत्रातला गुणाकार इथे रेणूंच्या पातळीवर उघड दिसतो.

हे ध्यानात घेतलं की शाबू-शाबूच्या पाण्यात कोम्बू असतो आणि कात्सुओबुशी बहुधा नसते, यामागचं तर्कशास्त्र कळतं. पाणी गुणाकाराची एक बाजू पुरवतं, दुसरी बाजू मांस स्वतःच घेऊन येतं. १९५२ मध्ये ओसाकाच्या सुएहिरो या उपाहारगृहाने ‘शाबू-शाबू’ हे नाव रूढ केलं. कल्पना बीजिंगच्या मटणाच्या हॉटपॉटची, पण खालचं पाणी जपानी झालं. काप पातळ का, याचंही साधं गणित आहे. उष्णता आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मिलिमीटरचा काप पाच-सात सेकंदांत मध्यापर्यंत तापतो, चार मिलिमीटरच्या कापाला त्याच्या चौपट वेळ लागतो. काप पातळ असला की मांसातला रस मांसातच राहतो, त्याच्या अंगाला ग्लुटामेटचं पाणी चिकटतं आणि दोघांची गाठ तोंडात पडते.

यावर चोखंदळ खवय्या म्हणेल, हे सगळं ठीक, पण चव तर त्या पोन्झूची आणि तिळाच्या चटणीची. पाण्याला उगाच मोठेपणा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या कापापुरता पाण्याचा वाटा लहानच असतो. पण पोन्झूत सोया सॉस असतो आणि सोया सॉसमध्ये ग्लुटामेट भरपूर असतं. म्हणजे मांसातल्या इनोसिनेटला जोडीदार तिथेही तोच मिळतो. सुकियाकी हा याचा पडताळा. तिथे गोमांस सोया सॉस आणि साखरेच्या रसात शिजतं, कोम्बूवाचून कुणाचं फारसं अडत नाही. पाण्याची खरी परीक्षा होते ती जेवणाच्या शेवटी. मांस-भाज्या संपल्यावर, वरचा फेस काढत राहिलेल्या त्याच पाण्यात भात किंवा उडोन नूडल्स घालतात. चटणी नाही, जास्तीत जास्त चिमूटभर मीठ. तासाभरात मांसातून झिरपलेलं इनोसिनेट आणि कोम्बूचं ग्लुटामेट एवढ्यावर तो भात तरून जातो. शिताकेचा मात्र उगाच उदोउदो होतो. ग्वानिलेट इनोसिनेटपेक्षा दुपटीहून प्रभावी आहे हे खरं, पण ते मिळतं वाळवलेली शिताके भिजवून मग तापवल्यावर. ताज्या अळंबीत ते नावालाच असतं. पातेल्यात पडते ती बहुधा ताजी. तिची चांदणी देखणी, गुणाकारातला हातभार बेताचा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कोम्बू आणि कात्सुओबुशीचं मिश्र पाणी जपानी आचारी कुनिनाकांच्या कितीतरी आधीपासून करत होते. रसायनज्ञांनी मग नवं काय सांगितलं? नवं हे की या जोडीत ना कोम्बू अटळ आहे, ना मासा. झेन मठांतले शाकाहारी स्वयंपाकी कोम्बू आणि वाळकी शिताके एकत्र वापरत होते. ते आणि मासेखाऊ आचारी एकच क्रिया करत आहेत, हे दोघांपैकी कुणालाही माहीत असणं शक्य नव्हतं. टोमॅटोत मटण शिजवणारा इटालियनही त्याच रांगेत उभा आहे, हे कळायला रेणूच ओळखावे लागले.

आपल्याकडे हे रेणू आकडे होऊन येतात. चिप्सच्या पाकिटावर, इन्स्टंट नूडल्सच्या मसाल्यावर ६२१, ६२७, ६३१ किंवा ६३५ छापलेलं असतं : ग्लुटामेट, ग्वानिलेट, इनोसिनेट आणि शेवटच्या दोघांचं मिश्रण. कुनिनाकांचा शोध पाकिटात भरलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘६३१ म्हणजे डुकराची चरबी’ हा संदेश फोनवरून वर्षानुवर्षं फिरतो आहे. इनोसिनेट चरबी नव्हेच. मांस-माशांपासून ते काढता येतं, पण कारखान्यांत ते जिवाणूंकडून किण्वनाने किंवा यीस्टपासूनही बनतं, आणि हिरवा ठिपका असेल तर स्रोत शाकाहारीच असायला हवा. अजिनोमोटोच्या धास्तीचं मूळ १९६८ मधल्या एका वैद्यकीय नियतकालिकाला आलेल्या पत्रात आहे. त्यानंतरच्या चाचण्यांत, स्वतःला त्रास होतो असं सांगणाऱ्यांवरही, अन्नाबरोबर दिलेल्या ग्लुटामेटचा सातत्याने परिणाम दिसलेला नाही. चिप्स कमी खायला पुरेशी कारणं आहेत : मीठ आणि तेल. ६३१ हे त्यांतलं नव्हे.

गुणाकार पटत नसेल तर घरी करून बघता येईल आणि मांसही लागणार नाही. कोम्बूचा तुकडा एका भांड्यात आणि दोन-तीन वाळक्या शिताके दुसऱ्या भांड्यात रात्रभर थंड पाण्यात, शक्यतो फ्रिजमध्ये, भिजवा. सकाळी दोन्ही वेगवेगळी तापवा. कोम्बू उकळीआधी काढा. मीठ घालू नका. दोन्ही पाणी चाखा, मग समसमान मिसळून चाखा. मिसळल्याने दोन्ही अर्धी पातळ झालेली असतात, तरी चव वाढलेली लागेल. फक्त कोम्बूत आयोडीन प्रचंड असतं; थायरॉइडचा आजार असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.