हवामान खरंच बदललंय का? वहीला विचारा



ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे, म्हणून आजचा संदेश नेहमीपेक्षा मोठा आहे. निवांत वाचा. द्राक्ष नसेल तरी वाचा, शेवटी सगळ्यांसाठी काम आहे.

गेल्या आठवड्यात तासगावकडच्या बैठकीत एक काका म्हणाले, "मॅडम, हवामान बदल-बिदल काही नाही. बहात्तरचा दुष्काळ आम्ही बघितलाय. पाऊस तेव्हाबी लहरी होता, आत्ताबी लहरीच आहे." शेजारचे लगेच म्हणाले, "अहो, दसऱ्यानंतर असला पाऊस पूर्वी कधी बघितला होता का?" अर्धा तास वाद चालला. खरं सांगायचं तर दोघांकडेही फक्त आठवण होती, नोंद कुणाकडेच नव्हती.

*आठवण फसवते*

माझ्याच घरचं उदाहरण देते. बाबा ठाम सांगायचे, "नोव्हेंबरातला पाऊस २०१९ पासून सुरू झाला, त्याआधी नव्हताच." एकदा त्यांची जुनी छाटणीची वही काढली. २००९ च्या नोव्हेंबरात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, "पाऊस, फवारणी परत." ते फयान वादळाचे दिवस होते. बाबा साफ विसरले होते.

आपल्याला मोठा फटका लक्षात राहतो, ताजा फटका तर जास्तच. साधं वर्ष कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून "आमच्या वेळी असं नव्हतं" हा पुरावा नाही, आणि "आमच्या वेळीही असंच होतं" हाही नाही.

*एका वर्षावरून काही ठरत नाही*

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोहोचला. तिथली नेहमीची तारीख ११ जून. पण १९५६, १९६२ आणि १९७१ मध्येही तो २९ मेला आलेला होता. म्हणजे लवकर येणं ही अगदीच नवी गोष्ट नाही.

महापुराचंही तसंच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर, २०२१ मध्ये ५४ च्या वर. पण पुराची पातळी फक्त पावसावर ठरत नाही. धरणातला विसर्ग, पात्रालगतची बांधकामं, भराव हे सगळं त्यात येतं. म्हणून नुसता पूर दाखवून "बघा हवामान बदल" म्हणणंही घाईचं आहे.

एका घडाचं वजन करून आपण एकराचं टनेज सांगतो का? तसंच हे. अनेक वर्षांची, अनेक ठिकाणची नोंद लागते.

*मग नोंदी काय सांगतात?*

१. *उष्णता.* हवामान खात्याकडे देशाच्या सरासरी तापमानाची नोंद १९०१ पासून आहे. त्यात २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशांनी जास्त. आकडा लहान वाटतो. पण ही सगळ्या देशाची, सगळ्या वर्षाची सरासरी आहे.

२. *पावसाची पद्धत.* पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. देशाच्या मध्य पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नाही. थोडक्यात, मुसळधार जास्त, भिजपाऊस कमी.

३. *परतीची तारीख.* मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरत. २०२० पासून ती ८ ऑक्टोबर केली. जुन्या तारखा १९४० पर्यंतच्या नोंदींवर होत्या, नवी १९७१ ते २०१९ च्या. थोडा फरक मोजण्याच्या पद्धतीचाही असेल, पण छाटणीवाल्यांनी ही तारीख लक्षात ठेवलीच पाहिजे.

हे का होतं? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो आणि जमिनीची ऊब वर जाऊ देत नाही. हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून त्याची मोजणी चालू आहे. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर आहे. पृथ्वीवरची गोधडी जाड होत चालली आहे, असं समजा. शिवाय हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ते कोसळलं की जोरात कोसळतं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला. माण-आटपाडीत सरासरी वर्षभरात पडतो त्यापेक्षा हा जास्त! हा एक दिवस एकटा पुरावा नाही, पण नोंदी ज्या दिशेला बोट दाखवतात त्याच दिशेचा आहे.

*"उद्याचा अंदाज चुकतो, मग पुढचं काय सांगणार?"*

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. उद्या तुमच्या शिवारात ढग फुटेल की शेजारच्या, हे सांगणं अवघड. पण मे महिना जानेवारीपेक्षा गरम असणार हे सांगायला कुणाची गरज लागत नाही. उद्याचा बाजारभाव सांगता येत नाही, तरी दहा वर्षांत मजुरी वाढली हे सगळे सांगतात. अंदाज आणि हवामान यांत एवढाच फरक.

*माझी चूक*

दोन वर्षांपूर्वी एका सभासदांना मी म्हणाले, "पाऊस गेला आता, सगळी बाग छाटून घ्या." त्यांनी ऐकलं. फुलोऱ्यात पाऊस आला, दावण्या आणि गळकुजीने निम्मे घड गेले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. मी जुन्या ठोकताळ्यावर सल्ला दिला होता. तेव्हापासून तारीख सांगायच्या आधी मी नोंदी बघते.

*आता काय करायचं?*

✅ *पाऊस मोजा.* प्लास्टिकचं पर्जन्यमापक घ्या, किंवा सरळ उभ्या भिंतीचा डबा ठेवून आत पट्टीने मिमी मोजा. झाड, घर, मंडप यांच्यापासून लांब ठेवा, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी ८.३० ला वाचा. हवामान खात्याची वेळही तीच.

✅ *वहीत एक ओळ लिहा.* तारीख, पाऊस, ढग की ऊन, दव-धुकं, पिकाची अवस्था, दिसलेला रोग. पाऊस नसेल तर "०" लिहा. शून्य ही सुद्धा नोंद आहे.

✅ *हिशोब करा.* १ मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. १० मिमी पडला तर ४०,००० लिटर मिळालं. ड्रीप चालू करण्याआधी माती उकरून बघा.

✅ *छाटणी एका दमात करू नका.* प्लॉट पाडा, ८-१० दिवसांचं अंतर ठेवा. पाऊस आलाच तर सगळी बाग एकाच नाजूक अवस्थेत सापडणार नाही. अंदाज 'मेघदूत' अॅपवर बघून मगच मजूर ठरवा.

✅ *विमा काढलाय?* दावा मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो, आपल्या वहीवर नाही. पण दोन्हींत मोठा फरक दिसला, तर तक्रार करताना तारीख आणि आकडा हातात राहतो.

दर महिन्याच्या १ तारखेला वहीच्या पानाचा फोटो कंपनीच्या नंबरवर पाठवा. माण, खटावपासून जत, मिरजेपर्यंतच्या नोंदी एकत्र करून गावनिहाय तक्ता मी याच ग्रुपवर टाकेन.

त्या काकांनाही मी एवढंच म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण डबा ठेवा." काल त्यांचा पहिला फोटो आला. पाऊस: ०.

काही शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा. संध्याकाळी उत्तर देते.

— तुमची कृषी सल्लागार