घावाचा जमाखर्च

पुण्याच्या कसबा पेठेत पेशवाईपासून नांदत आलेल्या तांबट आळीत घागरी, तपेली आणि बंब मठारणाऱ्या हातोड्यांचा ठणठणाट ज्याच्या कानी पडला असेल, त्याला तांब्यावर ओळीने उमटत जाणाऱ्या चकचकीत ठशांचे कौतुक खचितच वाटले असेल. परंतु ऐरणीवर येताच थबकणाऱ्या हातोड्याची ऊर्जा जाते कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

आघातानंतर हातोडा उसळला नाही आणि ऐरणीसह एकाच वेगाने सरकला, असे मानले म्हणजे पदार्थविज्ञान ज्याला पूर्णतः अप्रत्यास्थ टक्कर म्हणते ती हीच. १ किलोचा हातोडा सेकंदाला ४ मीटर वेगाने ४९ किलोच्या, मोकळ्या ठेवलेल्या ऐरणीवर आदळला, तर संवेग पै न् पै जमेस राहून दोहोंचा वेग सेकंदाला ०.०८ मीटर होतो. गतिज ऊर्जा मात्र ८ ज्यूलवरून ०.१६ ज्यूलवर उतरते. खर्ची पडलेल्या शेकडा ९८ हिश्शापैकी किंचित भाग आवाजाच्या नावे लिहावा लागतो. बाकीची बहुतेक रक्कम मधल्या पत्र्याला दाबण्यात, पसरविण्यात आणि तापविण्यात जाते. ती सगळी १०० ग्रॅम तांब्यात उतरली, तरी एका घावाने त्याचे तापमान जेमतेम ०.२ अंश सेल्सियसने वाढेल.

ऐरण वजनदार का असावी, याचेही उत्तर याच हिशेबात आहे. ती हातोड्याएवढ्याच वजनाची असती, तर निम्मी ऊर्जा दोहोंच्या सरकण्यात वाया गेली असती. खिळा ठोकणाऱ्या सुताराची गरज नेमकी उलट: खिळा पुढे सरकावा हाच त्याचा हेतू असल्याने त्याचा हातोडा खिळ्याहून कितीतरी जड असतो.

मात्र धातू वाकविण्यात खर्चलेली सर्वच ऊर्जा उष्णता होत नाही. टेलर आणि क्विन्नी या शास्त्रज्ञांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तिचा सुमारे नऊ दशांश भाग उष्णतेच्या रूपाने प्रकट झाला. उरलेला धातूच्या स्फटिकरचनेतील विस्कळीतपणात दडून राहिला. हा विस्कळीतपणा वाढला की अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, आणि पत्रा कठीण होतो. पुढे आणखी आकार द्यावयाचा झाल्यास तांबट तो लाल होईपर्यंत तापवितो, तेव्हा रचना पुन्हा व्यवस्थित होते, दडलेली शिल्लकही उष्णता होऊन मोकळी होते आणि तांबे नरम पडते. घडवून झालेले भांडे अखेरीस मठारतात ते केवळ शोभेसाठी नव्हे. पातळ पत्र्याला येणारा कणखरपणा हा प्रत्येक घावातून तांब्यात उरलेल्या त्या अल्पशा हिश्शाचाच परिणाम होय.