गुरुजींची परीक्षा घ्या, पण हिशेब दोन्ही बाजूंचा मांडा

आपल्या वस्त्यांतील कष्टकऱ्यांची मुले आजही जिल्हा परिषदेच्या नाहीतर महापालिकेच्या शाळेत शिकतात. तिथल्या गुरुजींवर आणि बाईंवर जे येते, ते फिरून आपल्याच घरावर येते. त्यातच डी.एड. करून शिक्षक झालेली कितीतरी मुले-मुली आपल्याच घरांतली आहेत. म्हणून शिक्षकांच्या परीक्षेचा प्रश्न त्यांच्या संघटनांवर सोपवून आपल्याला गप्प बसता येणार नाही.

प्रश्न काय आहे, ते आधी पाहू. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आली. महाराष्ट्रात ती प्रथम २०१३ साली झाली. त्याआधी नोकरीला लागलेल्या अनेक शिक्षकांची समजूत अशी होती, की आपण यातून मोकळे आहोत. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, नाहीतर सेवा सोडावी. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्यावी लागेल. पेपर १५० गुणांचा, वेळ अडीच तास. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण, राखीव गटांना ५५ टक्के.

वीस-पंचवीस वर्षे शिकवणाऱ्याला पुन्हा परीक्षेला बसवणे हा अपमान आहे, असे पुष्कळ शिक्षक म्हणतात. त्यांची घालमेल आम्ही समजू शकतो. घरावर कर्ज, मुलगी कॉलेजात, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर नोकरीचीच टांगती तलवार. तरीही शिक्षकाला कोणी तपासूच नये, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. पैसेवाल्याच्या मुलाला शाळेत शिकवले नाही तर तो शिकवणी लावतो. आपल्या मुलाला शाळेशिवाय दुसरा आधार नाही. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारला सुनावले होते, की शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अवघी अठराच पोहोचतात. मूल शाळेत दाखल झाले म्हणजे शिकले असे नव्हे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पण तपासणी कशाची? टीईटीच्या पेपरात बालमानसशास्त्र, भाषा, गणित यांचे प्रश्न असतात. गुरुजींना काय येते, हे त्यातून कळेल. वर्गात ते शिकवतात की नाही, मागच्या बाकावरच्या मुलीला नावाने हाक मारतात की नाही, हे कुठल्याही उत्तरपत्रिकेतून कळत नाही. शिवाय परीक्षा घेणारेच स्वच्छ असतात असेही नाही. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचा प्रकार उघडकीस आला आणि २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. रात्री जागून प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या गरीब मुलामुलींवर यात अन्यायच झाला.

आता दुसरी बाजू पाहू. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. वर्षाअखेरच्या एका पेपरवर मुलाला नापास न ठरवता वर्षभर त्याच्याकडे लक्ष द्यावे, हा हेतू चांगलाच होता. व्यवहारात मात्र त्याच्या नोंदवह्या झाल्या. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. आम्ही कारकुनी करणारी माणसे. रकाना भरला म्हणजे काम झाले असे नव्हे, हे आमच्याइतके कोणाला कळणार? नोंदी लिहिण्यात गेलेला तास मुलांच्या वाट्यातूनच वजा होतो.

धोरणही एका जागी ठरत नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकात वहीची कोरी पाने घातली गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला. जूनमध्ये तो सुधारला आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. प्रत्येक वेळी धावपळ झाली ती शाळेची. एवढे निर्णय फिरले, पण ते घेणाऱ्यांना कोणी कुठली पात्रता परीक्षा लावली?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेले निवेदन इथे आठवावे लागते. जोतीरावांनी मास्तरांना मुळीच पाठीशी घातले नाही. अप्रशिक्षित मास्तर बदला, वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीचा उपयोग नाही, निदान तिमाही तपासणी करा आणि मधूनमधून न कळवता जा, असे त्यांनी बजावले. पण त्याच निवेदनात ते म्हणतात, की शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करा, त्यांना चांगले प्रशिक्षण द्या, पगार १२ रुपयांहून कमी नको आणि मोठ्या गावात १५ ते २० तरी हवा, गावाच्या कारभारात त्यांना मान द्या. तपासणी आणि तरतूद, दोन्ही एकाच कागदावर.

आज तपासणीची बाजू भरलेली आहे आणि तरतुदीची रिकामी. नव्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबावे लागते. हे मानधन कित्येक वर्षे महिना ६,००० रुपये होते, २०२३ मध्ये ते १६,००० झाले. शिक्षणहक्क कायदा सांगतो, की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर बिगरशैक्षणिक काम देऊ नये, आणि प्राथमिक शाळेत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक असावा. टीईटी ज्या कायद्यातून आली, त्याच कायद्यातली ही कलमे आहेत. शिक्षकाला लावायचा कायदा आणि सरकारला लावायचा कायदा वेगळा असू शकत नाही.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी शिष्याची आचार्याप्रती पाच कर्तव्ये सांगितली आणि लगेच आचार्याची शिष्याप्रती पाच सांगितली. कर्तव्य एकतर्फी नसते, हा धम्माचा व्यवहार आहे.

मग आपण काय करावे? शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, एकूण सभासदांत निम्म्या महिला असतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असते. ती जागा सोडू नका. महिला मंडळातील माता-भगिनींनी सभेला जावे आणि तीन प्रश्न विचारावेत: माझ्या मुलाला पुस्तकाचे एक पान सरळ वाचता येते का? शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? गेल्या महिन्यात गुरुजी किती दिवस वर्गाबाहेरच्या कामाला होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने द्यावे, उरलेल्या दोहोंचे शासनाने.

आणि आपल्या वस्तीतल्या ज्या शिक्षक बंधू-भगिनींना टीईटी द्यायची आहे, त्यांच्यासाठी विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग सुरू करता येईल. गणित पक्के असलेली बी.एस्सी., बी.कॉम. झालेली मुले वस्तीत आहेत, त्यांनी पुढे यावे. ज्यांनी आपल्या मुलांना अक्षर दिले, त्यांना परीक्षेच्या वेळी एकटे सोडणे आपल्याला शोभणार नाही. आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिल्यावर, माझ्या मुलाला नीट शिकवा, हे सांगण्याचा आपला अधिकारही अधिक बळकट होईल.

जयभीम!