छपराचे ओझे एसीवर

मे महिन्यात नागपूरला पारा ४५ अंशांकडे जातो, रत्नागिरीत तो साधारण ३३ अंशांच्या आसपास राहतो. तरीही रत्नागिरीतल्या स्लॅबच्या घरात बसवलेला एसी दुपारभर थांबत नाही. असे का? दोष यंत्राचाच असतो असे नाही. यंत्र किती वर्षे टिकेल हे त्याला रोज किती तास राबावे लागते यावर बरेचसे अवलंबून असते, आणि ते तास ठरवते घर.

एसी थंडी निर्माण करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे काम कॉम्प्रेसरच्या जोरावर चालते. त्याची क्षमता टनात सांगतात. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला लागणारी उष्णता, ही त्यामागची मूळ कल्पना. बर्फाचा अप्रकट उष्मा किलोला ३३४ किलोज्यूल धरून विद्यार्थ्यांकडून गणित करून घ्यावे. उत्तर सुमारे ३५०० वॅट येईल.

स्लॅबचे गणित

आता ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोली घेऊ. वर १२ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आहे. उन्हात त्याचा पृष्ठभाग ५५ अंशांवर गेला आणि खोली २५ अंशांवर ठेवायची आहे, असे धरू. फरक ३० अंशांचा. स्लॅब आणि त्याखालचा हवेचा पातळ थर मिळून उष्णतेला होणारा रोध सुमारे ०.२४ एकक. क्षेत्रफळाला तापमानातील फरकाने गुणून रोधाने भागले, की १२ × ३० ÷ ०.२४ = १५०० वॅट. एक टनाच्या एसीची चाळीस टक्क्यांहून अधिक शक्ती छपरापायीच खर्ची पडली!

त्याच स्लॅबला ५ सेंटीमीटर थर्माकोलचा थर दिला तर रोध सुमारे १.६७ होतो आणि उष्णता उतरते २१५ वॅटवर. भिंती, खिडक्या, माणसे यांची मिळून आणखी १५०० वॅट धरली, तर पूर्वी तासातली ५१ मिनिटे चालणारा कॉम्प्रेसर आता २९ मिनिटांत काम उरकतो. स्लॅब तापायला व निवायला वेळ लागतो, तो या गणितात धरलेला नाही. पण दिशा कळायला एवढे पुरे.

सतत चालण्याचा तोटा काय? मोटारीची वेटोळी तापतात, त्यांवरचे विद्युतरोधक आवरण जुने होते. तापमान दर १० अंशांनी वाढले की या आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

कोकणातला खरा शत्रू : दमट हवा

विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची रचना केली, ती माणसांना गार वाटावे म्हणून नव्हे. हवेतल्या ओलाव्यामुळे कागद बिघडत होता म्हणून. रत्नागिरीत हेच काम मोठे आहे.

आपल्या खोलीची उंची ३ मीटर धरली तर तीत ३६ घनमीटर हवा मावते. बाहेर ३२ अंश तापमान व ७० टक्के आर्द्रता असताना फटींतून ही हवा तासाला एकदा बदलली, तर एसीला सुमारे ४०० ग्रॅम पाणी काढून टाकावे लागते. त्यासाठी लागतात सुमारे ९६० किलोज्यूल. तीच हवा नुसती गार करायला मात्र ३०० च्या आसपास. वाळवणे गार करण्याच्या तिप्पट महाग! म्हणून येथे थर्माकोलाइतकेच दारा-खिडक्यांच्या फटी बुजवणे महत्त्वाचे.

जुन्या कौलारू घरांची युक्ती याच्या नेमकी उलट होती. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधलेला थिबा राजवाडा पाहा : उतरती छपरे आणि वारा खेळता ठेवणारी रचना. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाणे हा तेथे गुण. मात्र अशा घरात खाली घट्ट छत न घालता एसी बसवला, तर तोच गुण दोष ठरतो. जांभ्याच्या चिऱ्याचेही तसेच. त्याच्या भोकांतली हवा उष्णता अडवते, पण पावसात तेथे पाणी शिरले की रोध घटतो, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णतावाहक आहे.

मग आयुष्य दुप्पट होईल?

तसे म्हणता येणार नाही. भार घटल्यावर साधा कॉम्प्रेसर वारंवार बंद-चालू होतो आणि सुरू होताना तो नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. म्हणून आधी घर सुधारावे, मग बेताच्या क्षमतेचे यंत्र घ्यावे. वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रात हा त्रास कमी. दुसरे म्हणजे खारा वारा. बाहेरच्या भागातील तांब्याच्या नळ्या व ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जेथे भेटतात तेथे मिठाच्या ओलाव्याने ॲल्युमिनियम गंजते. त्यावर थर्माकोलाचा इलाज नाही. वीज बंद करून गोड्या पाण्याने धुणे हाच उपाय.

करून पाहा : एसीच्या नळीखाली तासभर बादली ठेवा आणि जमलेले पाणी मोजा. दर लिटरमागे सुमारे ६७० वॅट शक्ती ओलावा काढण्यात गेली, असे समजा. फटी बुजवून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे कॉम्प्रेसरचे वाचलेले श्रम.