एका बोटाने फिरणारी व्हॅन: पावर स्टेअरिंगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वऱ्हाडात जुन्या व्हॅनला मरण नाही. मारुतीने १९८४ साली आणलेली आणि २०१९ साली बंद केलेली ओम्नी अमरावती-अकोल्यात आजही कामावर आहे. कुठे ती नाश्त्याची गाडी झाली आहे, कुठे टपावर भोंगे चढवून दिंडीपुढे चालते आहे. आत ओटा, सिलिंडर, पाण्याची टाकी, जनरेटर आणि खाली हौसेने बसवलेले रुंद टायर. मूळ गाडीच्या हिशेबात हे वजन कधीच नव्हते. त्यात गर्दीत माणसाच्या चालीने गाडी काढायची, म्हणजे चालकाचे खांदे भरून येतात. मग गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो : "पावर बसवून टाका न भाऊ, एका बोटानं फिरते मंग गाडी."

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

गैरसमज १ : स्टेअरिंग जड झाले म्हणजे पावर हवीच.

वस्तुस्थिती : जडपणाचे कारण आधी शोधावे लागते. टायरमध्ये हवा कमी असणे, टायरॉड एंड किंवा बॉल जॉइंट आखडणे, कॉलमच्या खालचा यूजे क्रॉस गंजणे, अलाइनमेंट बिघडणे ही नेहमीची कारणे. ओम्नीला कंपनीने १२ इंची रिमवर १४५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले होते. त्याजागी रुंद टायर आणि बाहेर आलेल्या अलॉय रिम बसवल्या, की उभ्या गाडीत चाक वळवायला लागणारा जोर वाढतोच. ओम्नीत चालक जवळपास पुढच्या चाकांवरच बसतो आणि इंजिनही पुढच्या सीटखाली असते. त्यामुळे पाण्याची टाकी सीटच्या पाठीला टेकवून ठेवली, की तिचा बराच भार पुढच्या चाकांवर येतो. टाकी मागच्या धुऱ्यावर सरकवली, टायर मूळ मापाचे घातले आणि सांधे बदलले, तर अनेक गाड्यांना पावरची गरजच उरत नाही.

गैरसमज २ : भंगारात मिळेल तो पावर रॅक कोणत्याही गाडीला बसतो.

वस्तुस्थिती : आधी आपल्या गाडीला रॅक आहे का, ते पाहा. ओम्नीला रॅक आणि पिनियन आहे. महिंद्राच्या कमांडर, मार्शलसारख्या गाड्यांना पुढे कमानी पाट्यांवरचा अखंड धुरा आणि वेगळा स्टेअरिंग बॉक्स असतो. तिथे रॅकचे कामच नाही, पावर हवी तर पावरचा बॉक्स शोधावा लागतो.

रॅक असलेल्या गाडीतही तो धुऱ्याच्या पुढे आहे की मागे, हे महत्त्वाचे. मागचा रॅक तसाच उचलून पुढे बसवला, तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळेल. ही चूक निदान गॅरेजच्या दारातच कळते. लांबीतली चूक मात्र रस्त्यावर कळते. खड्ड्यात चाक वरखाली होते तेव्हा टायरॉड आणि खालचा आर्म साधारण एकाच कमानीत हलायला हवेत. रॅक इंचभर लांब, आखूड, वर किंवा खाली बसला, तर प्रत्येक खड्ड्यागणिक चाके आपोआप थोडी वळतात. चालकाने स्टेअरिंग घट्ट धरले तरी गाडी बाजूला ओढते.

याची तपासणी सोपी आहे. नवा रॅक पक्का करण्याआधी स्टेअरिंग सरळ बांधून ठेवा. स्प्रिंग काढून चाक जॅकने टप्प्याटप्प्याने वर घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर टायरच्या पुढच्या व मागच्या कडेचे एका ताणलेल्या दोरीपासूनचे अंतर मोजा. दोन्ही अंतरांतला फरक टप्प्यागणिक बदलत असेल, तर रॅकची जागा चुकली आहे. नुसते "नट बसले" म्हणजे रॅक बसला, असे नाही.

गैरसमज ३ : वॅगन-आरचा इलेक्ट्रिक कॉलम टाकला आणि बॅटरीला दोन तारा जोडल्या, की काम झाले.

वस्तुस्थिती : कॉलमवर मोटर बसवलेले पावर स्टेअरिंग सुझुकीनेच १९८८ साली जपानमधल्या सर्व्हो या छोट्या गाडीत पहिल्यांदा आणले. ओम्नीत हायड्रॉलिक पंप बसवायला जागा आणि पुली या दोन्हींची अडचण होते, म्हणून मिस्त्री इलेक्ट्रिककडे वळतात. ते बरोबरच आहे. पण या कॉलमच्या कंट्रोलरला इंजिन चालू असल्याचा आणि गाडीच्या वेगाचा संदेश लागतो. उभ्या गाडीत मदत जास्त आणि वेग वाढेल तशी कमी, हे तो त्यावरून ठरवतो. संदेश नसला तर काही कंट्रोलर मदत बंद करतात, काही ठरावीक मदत देत राहतात. खोटा, कायम एकच वेग दाखवणारा डबा जोडला, तर पार्किंगमधला हलकेपणा महामार्गावरही तसाच राहतो. अमरावती-अकोला महामार्गाच्या ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा १०५ तासांतला विक्रम जून २०२२ मध्ये झाला. अशा सपाट रस्त्यावर उंच, जड व्हॅन ऐंशीच्या वेगात एका बोटाने वळणे ही सोय नव्हे, धोका आहे.

दुसरा प्रश्न विजेचा. उभ्या गाडीत चाक वळवताना मोटर काही क्षण ३०-४० अँपिअर ओढते. जुन्या छोट्या गाडीच्या अल्टरनेटरची सगळी कुवत साधारण त्याच घरात असते. त्याच बॅटरीवर अँप्लिफायर आणि दिव्यांच्या माळा असतील, तर ऐन गर्दीत पावर जाते. जाड तार, स्वतंत्र फ्यूज आणि चांगली अर्थिंग याला पर्याय नाही. शिवाय अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. गरम झालेली मोटर स्वतःला वाचवायला मदत कमी करते. तो बिघाड समजून मिस्त्री कॉलम बदलत बसतात.

आणि स्टेअरिंगचा शाफ्ट लांब करायला तो कापून वेल्डिंग करणे, हा जुगाड कुणीही सांगितला तरी करू नका. दात असलेला जोड आणि चांगला यूजे क्रॉस वापरा. तो शाफ्ट तुटला, तर हातात फक्त गोल चाक उरते.

गैरसमज ४ : इंजिन बंद पडले की पावर स्टेअरिंग जाम होते.

वस्तुस्थिती : हायड्रॉलिक असो वा इलेक्ट्रिक, हात आणि चाकांमधली लोखंडी साखळी कायम असते. मदत थांबते, वळण थांबत नाही. पण जोर बराच लागतो, कधी मूळच्या साध्या रॅकपेक्षाही जास्त. कारण पावरच्या रॅकचे गुणोत्तर सहसा जलद असते. म्हणूनच "रॅक आत्ता टाका, पंप पुढच्या महिन्यात" हा सौदा अंगलट येतो.

खरा धोका आपल्या सवयीत आहे. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. तिथून परतवाड्याकडे उतरताना इंधन वाचवायला इंजिन बंद करणारे आजही भेटतात. त्यात पावर जाते, ब्रेकच्या बूस्टरची मदत संपते आणि किल्ली काढली तर स्टेअरिंगला कुलूप लागू शकते. घाटात इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्येच हवी.

गैरसमज ५ : तेल कोणतेही चालते.

वस्तुस्थिती : हायड्रॉलिक रॅकमध्ये ब्रेक ऑइल ओतले, तर त्याची रबरी सील फुगून खराब होतात. पंप आणि रॅकच्या कंपनीने सांगितलेलेच तेल घाला. चाक शेवटपर्यंत वळवून तसेच धरून ठेवू नका. तेव्हा पंपाचा दाब कमाल होतो आणि तेल झपाट्याने तापते.

गैरसमज ६ : पावर बसवली की गाडीची डगडग थांबते.

वस्तुस्थिती : डगडग थांबत नाही, फक्त हाताला कमी जाणवते. केंद्रीय मोटार वाहन नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगमधली मोकळीक ३० अंशांहून अधिक चालत नाही. ३८ सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ती कडेला सुमारे १० सेंटीमीटर होते. कडेवर खडूची खूण करा, चाके सरळ ठेवा आणि टायर हलायला लागेपर्यंत स्टेअरिंग किती फिरते ते मोजा. ही कमाल मर्यादा आहे, चांगल्या गाडीत मोकळीक त्याहून पुष्कळ कमी असते.

गैरसमज ७ : आरसी बुकात स्टेअरिंगचा रकाना नाही, म्हणजे कायद्याचा प्रश्न नाही.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधने घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावीच लागते. तेव्हा एमएच-२७ असो वा एमएच-३०, काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर कळवून उपयोग नसतो.

पैसे खर्च करण्याचा क्रम साधा ठेवा : आधी टायर आणि वजनाची मांडणी, मग सांधे आणि अलाइनमेंट, मग परवानगी, आणि शेवटी पावर. ती बसवायचीच ठरली, तर रॅकची मापे घेतल्याशिवाय आणि वेगाचा खरा संदेश जोडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. पावर स्टेअरिंग निरोगी गाडीचे कष्ट कमी करते, आजारी गाडीचा आजार झाकते. मिस्त्रीला पहिला प्रश्न "किती लागतील?" हा विचारू नका. "माझी गाडी जड का झाली?" हे विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पाना लावू देऊ नका.